घड्याळाकडे लक्ष नव्हतं

गॅरेजच्या दारात शिरलेल्या गाडीचा आवाजच आला नाही, त्यामुळे पाना शोधता शोधता ती थेट बंपरपुढे उभी ठाकली. काच खाली झाली.

"मरायचंय का, बाई?"

"हॉर्न नावाची एक चीज असते म्हणतात!" ती फणकारली.

ही झाली पहिली भेट. तो कंपनीचा ट्रेनर. मोटार कंपनी जुनी, नावाजलेली. कंपनीने आता विजेच्या गाड्या काढल्या होत्या आणि ठिकठिकाणच्या आपल्या गॅरेजवाल्यांना त्यांची दुरुस्ती शिकवायला घेतली होती. परीक्षेत पास झालात तर काम तुमचं, नाहीतर गॅरेजला टाळं. बाबांना इंजिनाशिवाय गाडी म्हणजे थट्टाच वाटायची, तेव्हा तीस वर्षांचं गॅरेज पोरीच्या एकटीच्या डोक्यावर!

आज शिकवणीचा सातवा दिवस, परीक्षेचा. ती नापास झाली तर गॅरेज जाणार. आणि पास होवो की नापास, संध्याकाळी सहाच्या बसने तो पुढच्या गावाला जाणार… सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा सांडला, बाबांवर विनाकारण खेकसून झालं.

नियम साधा होता. बॅटरीचा प्लग काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून वीज उतरल्याची खात्री करायची. तोवर हात लावायचा नाही. शॉक बसलाच तर ओढायला मागे दुसऱ्याने लांब दांड्याचा हूक धरून उभं राहायचं. हूक त्याच्या हातात, घड्याळही त्याच्याच. तिने प्लग काढला आणि लगेच चुळबुळायला लागली.

"तुम्हाला धीर म्हणून नाहीच का हो?" तो हसला.

"होता. सात दिवसांपूर्वीपर्यंत."

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिने रबरी हातमोजे उगाचच वर ओढले.

"झाली का मिनिटं?"

"हं… झाली."

तिने मीटर लावला. तीनशे व्होल्टच्या वर!

"सर! जीव घेताय की काय माझा?"

त्याने घड्याळ पाहिलं. जेमतेम चार मिनिटं झाली होती. चेहरा पांढराफटक पडला. त्याने परीक्षेच्या कागदावर भराभरा काहीतरी लिहून सही ठोकली.

"नापास?" तिचा आवाज चिरकला.

"मी. तुमची परीक्षा सोमवारी, दुसरे साहेब घेतील. तुम्ही पास होणारच."

तिने कागद हिसकावला. 'परीक्षकाचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं.' आता बोला!

"वरिष्ठ फाडून खातील तुम्हाला."

"खाऊ देत. आधीच तुमचा जीव धोक्यात घातला, वर खोटं लिहू?"

"मग… कुठे होतं लक्ष?"

"कळतंय की तुम्हाला."

"कळतंय. तरी तोंडाने सांगा."

"तुमच्याकडे," तो म्हणाला, कानापर्यंत लाल होत. "आठवडाभर तिकडेच आहे. आवडता तुम्ही मला."

तिने हातमोजे ओरबाडून काढले.

"सहाची बस चुकली तुमची."

"अहो, आत्ता तर तीन वाजलेत…"

"चुकली म्हणते ना!" असं म्हणून तिने त्याचा हात घट्ट धरला.