कॉन्चिंग मॅडमचं वर्तुळ

होडी इलोइलोच्या धक्क्यावरून सुटली आणि पहिल्याच लाटेने माझ्या मांडीवरच्या खोक्याचा कोपरा भिजवला. खोक्यात विद्यापीठाचे जुने लॅपटॉप होते, माझ्या सहीवर आणलेले. मी पुढे वाकून त्यांच्यावर आडवी झाले. तेवढ्यात शेजारच्या माणसाने अंगातला रेनकोट काढला आणि अलगद पसरला... खोक्यावर. माझ्यावर नाही.

मी निथळत्या केसांनी त्याच्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही वाळाल," तो म्हणाला. "त्यांचं सांगता येत नाही."

होडीच्या दोन्ही अंगांना बांधलेले बांबू पाण्यात बुडत होते, वर येत होते. त्याचा शर्ट एव्हाना पाठीला चिकटला होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. खोक्यात एवढं काय आहे, असं त्याने विचारलं. गणिताचं सॉफ्टवेअर, मी म्हणाले, आणि ते फुकट आहे.

"फुकट असून एवढं जपता? मग नक्कीच चांगलं असणार."

समोरच्या गिमारास बेटाच्या धक्क्यावर उतरल्यावर कळलं, की ज्या शाळेतल्या शिक्षकांना मी हे सॉफ्टवेअर शिकवायला चालले होते तिथेच हा गणिताचा शिक्षक आहे, आणि मला न्यायला तोच या धक्क्यावर येणार होता. फक्त मी इतक्या लवकरची होडी पकडेन असं त्याला वाटलं नव्हतं. नाव रेनांते.

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव बानिग. बानिग म्हणजे उभ्या-आडव्या पात्यांची विणलेली चटई. आलेखाचा कागद तसाच तर दिसतो. ठिकठिकाणचे हौशी गणिती मिळून ते लिहितात. कोणीही घ्यावं, आत डोकावावं, चुकलेलं दुरुस्त करावं. अडचण एकच होती, की ते वापरत कोणीच नव्हतं. जिथे जावं तिथे शिक्षक सांगत, आमच्याकडे ते महागडं सॉफ्टवेअर आहे की, तेही फुकटच — कोणाच्या तरी भाच्याने कुलूप फोडून दिलेलं. मग प्रार्थना व्हायची, खाणं व्हायचं, प्रमाणपत्रं वाटली जायची, सगळ्यांचा मिळून फोटो निघायचा, आणि बानिग पुन्हा कोणी उघडायचं नाही.

विद्यापीठातल्या आमच्या गटाचे प्रमुख डॉ. तिरोल यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं: गिमारासला बानिग रुजलं तर शाळांचं काम पुढे चालेल, नाहीतर बंद. बंद झालं असतं तर मनिलातल्या विमा कंपनीची नोकरी माझी वाट पाहत होती. चांगली नोकरी. फक्त मला ती नको होती.

शाळेत गणिताच्या प्रमुख होत्या कॉन्चिंग मॅडम. निवृत्तीला टेकलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. यंत्र बिघडलं तर कोणीतरी हाताशी हवं, असं म्हणत त्यांनी रेनांतेला माझ्या शेजारी बसवलं, आणि मागच्या बाकांवरच्या शिक्षकांतून "अय्यीई..." असा लांबलचक सूर उठला. आमच्याकडे दोन अविवाहित माणसं एका बाकावर बसली की उरलेल्या सगळ्यांना काम मिळतं. मी वक्ररेषा काढली की कोणीतरी विचारायचं, ही सरांच्या दिशेने का वळली. माझे कान तापत होते. रेनांते मान खाली घालून हसायचा, आणि हसताना त्याच्या डाव्या भुवईची टोकाकडची बाजू किंचित वर जायची. हे शास्त्रीय निरीक्षण होतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

त्यानंतर जे झालं ते आधी कुठल्याच शाळेत झालं नव्हतं. आमच्या मोबाइलवरच्या गटात प्रश्न यायला लागले. रोज. पॅराबोला उलटा कसा करायचा, रंग कसा बदलायचा, उत्तर अपूर्णांकात कसं मिळवायचं. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एकच विनंती असायची — मारिफे मॅडमनी आणि रेनांते सरांनी मिळून उत्तर द्यावं. मारिफे म्हणजे मी.

मिळून उत्तर द्यायचं तर आधी आपापसात ठरवायला हवं. तसे फोन सुरू झाले. संध्याकाळी मी इलोइलोतल्या वसतिगृहाच्या गच्चीवर बसायचे. समोर सामुद्रधुनीपलीकडे गिमारासचे दिवे एकेक करून लागायचे आणि त्यांतल्या कुठल्या तरी दिव्याखालून त्याचा आवाज यायचा. उत्तर ठरायला फार वेळ लागायचा नाही. फोन मात्र लांबायचा. त्याने मला आंब्याच्या पानाची कड समीकरणांत बसवून पाठवली. मी ती बानिगमध्ये चालवली. पान हळूहळू पडद्यावर उमटत गेलं आणि शेवटी देठापाशी एक बारीकशी फट राहिली. फट राहिली, मी म्हणाले. "मुद्दाम ठेवलीय," तो म्हणाला, "तू फोन करावास म्हणून." तुम्हीचं तू कधी झालं ते आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

बानिग गिमारासला रुजतंय, असं मी डॉ. तिरोलना आनंदाने कळवून टाकलं.

पुढच्या खेपेला झाडं कैऱ्यांनी लगडली होती. जेवणानंतर शिक्षकांच्या खोलीत आम्ही कोळंबीच्या खारट चटणीत कैरी बुडवून खात होतो. मी एका तरुण मॅडमना सहज विचारलं, परवाचा तुमचा लॉगरिदमचा प्रश्न सुटला ना. त्या आधी गोंधळल्या, मग फिसकन हसल्या. कॉन्चिंग मॅडमनी विचारायला सांगितला म्हणून विचारला, म्हणाल्या. आज कोणी विचारायचं ते मॅडमच ठरवतात, भांडी घासायच्या पाळीसारखं. या तरुण मॅडमनी स्वतः बानिग एकदाही उघडलं नव्हतं. बहुतेकांनी उघडलं नव्हतं.

"इंदाय, पोरी," कॉन्चिंग मॅडम हात पुसत म्हणाल्या, "त्याला आपणहून कधी तोंड उघडता आलं असतं का?"

सगळे हसले. मी रेनांतेकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याला आश्चर्यही वाटलं नव्हतं.

मी पिशवी उचलली आणि धक्क्याचा रस्ता धरला. तो मागोमाग आला. मी न थांबता विचारलं, कधीपासून माहीत होतं.

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"आणि बोलला नाहीस."

"बोललो असतो तर प्रश्न थांबले असते. मग तू... फोन कशाला केला असतास?"

"मी खोटं कळवलंय, रेनांते. माझं सगळं काम त्यावर उभं आहे आणि तुला ते माहीत होतं."

होडी लागली. मी चढले आणि मागे वळून पाहिलं नाही; पाण्यावरचं ऊन डोळ्यांत जात होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. तिरोलना सगळं सांगितलं. गिमारासला आपलं वापरणारं कोणी नाही. ते म्हणाले, महिनाअखेरीला आवरतं घेऊ. मोबाइलवरच्या गटात एकही प्रश्न येईना. संध्याकाळी गच्चीवर गेले की दिवे तसेच लागायचे. मी ते न बघायचं ठरवायचे आणि बघत बसायचे.

आणि मग एका सकाळी गटात कॉन्चिंग मॅडमचा निरोप आला. "माझं वर्तुळ पडद्यावर अंड्यासारखं का दिसतं? वर्गात मुलं हसली. मी इतकी वर्षं वर्तुळ शिकवतेय, माझ्यावर कोणी हसलेलं नाही. आज उत्तर हवं." कोणी मिळून उत्तर द्यावं, असं त्यात कुठेच नव्हतं.

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. हे ठरवून विचारलेलं नव्हतं. इतका राग उसना आणता येत नाही. मी फोन घेऊन डॉ. तिरोलच्या खोलीत गेले. त्यांनी वाचलं आणि ते पहिल्यांदाच मोकळं हसले. चिडलेला माणूसच खरा वापरणारा, म्हणाले. जा, तिचं वर्तुळ गोल करून ये, मग आवरायचं की नाही ते बघू.

तिथे पोहोचले तेव्हा वर्ग सुटला होता. प्रोजेक्टरसमोर रेनांते बसला होता, बानिगचा आतला भाग उघडून. कॉन्चिंग मॅडम मागच्या बाकावर पेपर तपासत होत्या. दारात दोन शिक्षिका आल्या, आम्हाला पाहिलं आणि चकार शब्द न काढता निघून गेल्या. चिडवणं सगळ्यांनी सोडलं होतं. लाज वाटत असावी.

मी त्याच्या शेजारी बसले. दोष सापडायला वेळ लागला नाही: बानिग चित्र पडदाभर ताणायचं, त्यामुळे आडव्या अक्षावरचं एकक उभ्यापेक्षा लांब व्हायचं. आमच्या विद्यापीठातला पडदा चौरस, म्हणून आम्हाला ते कधी दिसलंच नव्हतं. त्याने एक ओळ लिहिली. मी ती खोडली. ती घातली असती तर चित्राची कड कापली गेली असती. त्याने दुसरी लिहिली. मागे मॅडम पेपरांची पानं उलटत होत्या.

इतके दिवस आमच्या वतीने सगळी शाळा बोलत आली होती. आता बोलायला आम्हीच उरलो होतो.

"मारिफे," तो पडद्याकडे बघत म्हणाला, "मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुझं काम जाईल हे कळत होतं, आणि तरी मी... तुझा आवाज ऐकायला मिळतोय एवढंच बघितलं." तो माझ्याकडे वळला. "मला तू आवडतेस. होडीपासून. हे मला कोणी विचारायला सांगितलेलं नाही."

"तू विचारलेलं नाहीसच अजून," मी म्हणाले.

"विचारू?"

"मी अजून रागावलेली आहे."

"मग?"

"मग... विचार. उत्तर हो आहे. राग वेगळा."

त्याची डावी भुवई वर गेली. कीबोर्डवर त्याचा हात माझ्या हातावर येऊन थांबला, आणि ओळ अर्धीच राहिली.

"वर्तुळ झालं का?" मागून कॉन्चिंग मॅडमनी विचारलं. मान वर न करता.

"व्हायचंय, मॅडम," रेनांते म्हणाला.

"होऊ दे सावकाश," त्या म्हणाल्या, आणि पुढचा पेपर घेतला.