आनंदाबाईचा रिमोट

माना किंवा मानू नका. हे माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलावर घडलं. मार्च २०२२, मंगळवार. मोहाडी. भर दुपार.

मी हर्षा. टीव्ही, रिमोट दुरुस्त करते.

आमच्या मोहल्ल्यातले श्यामराव आले. कॅरीबॅग दोन बोटांत धरलेली.

"ताई, हा आमच्या आईचा, आनंदाबाईचा रिमोट. आई गेली दिवाळीनंतर. आमाले हात लावाची घिन येते. मोबाइलवरूनच टीव्ही चालंल असं करून द्या नं."

टीव्ही जुना. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये त्याचे कोड नव्हते. अशा वेळी मी लॅपटॉपला रिसीव्हर जोडते. रिमोटचं बटण दाबलं की सिग्नल फाइलमध्ये उतरतो. नुसते आकडे. मोबाइलला ते कळत नाहीत, म्हणून फाइलचा फॉरमॅट बदलून द्यावा लागतो.

श्यामराव तहसीलकडे गेले. मी कॅरीबॅग उघडली आणि...

भपकाराच आला.

आंबलेली पेज. मूत. बटणांच्या फटीत वाळलेली लाळ, भाताची शितं, एक पांढरा केस.

तोंडाला ओढणी बांधली. माझे सेल टाकले. सगळी बटणं एकदा दाबली, सेल काढले आणि हात धुवायला मागे गेले.

परत आले तर... फाइल वाढत होती.

सेल टेबलावर. रिमोट रिकामा.

एक ओळ. मग शांत. मग अजून एक.

रिमोटकडे पाहिलं...

एक बटण खाली जात होतं. वर येताना चिकट आवाज करत होतं. कडेनं पिवळं पाणी पाझरत होतं.

मी रिसीव्हर उपटला. त्या ओळींचा फॉरमॅट बदलला.

सगळीकडे एकच कोड. आवाज वाढवा.

श्यामराव आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"तुमची आई आवाज कायले वाढवे?"

ते दचकले. "तुमाले कोणं सांगतलं? लकवा होता तिले. बोलता येत नव्हतं. कोणी जवळ यावं म्हणून आवाज वाढवे. दिवसभर! डोकं उठे. मंग आमी सेलच काढून टाकले."

"मग?"

"मंग साकोलीले लग्नाले गेलो. दोन दिवस."

"अन् आई?"

ते मोबाइल पुसत राहिले.

"फाइल झाली का, ताई?"

मी दिली. त्यांना लवकर घालवायचं होतं. रिमोट तिथेच टाकून ते निघून गेले.

फाइलमध्ये बटण दोनदा दाबण्यामधली वेळही लिहिलेली असते. सुरुवातीला काही सेकंद. पुढे मिनिटं. शेवटी शेवटी... तास.

बेरीज केली. एकेचाळीस तास.

रिसीव्हर उपटला तेव्हा रिमोट माझ्याकडे येऊन तासही झाला नव्हता.

परवा बाजारात श्यामराव भेटले. हातात जिलेबी.

"ताई, मस्त चालून राहिलं मोबाइलवर! घ्या, तोंड गोड करा."

मी नालीच्या काठाशी वाकले आणि ओकले.