घाट चढून आलेली लाँच

पटत नसेल तर सोडून द्या, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. साल १९५७. पिंपरी, कारखान्यामागची पत्र्याची चाळ. आमची छबूआत्या तिथे राहायची आणि कारखान्यात बाटल्या धुवायची.

तिचा नवरा धाकू मुंबईच्या एका कंपनीच्या मासेमारी लाँचवर खलाशी. लाँच ज्या बंदराला लागेल तिथून तो कार्ड टाकायचा. त्यावर फक्त बंदराचं नाव. त्याला लिहिता यायचं तेवढंच. शेजारचे आबाजी वाचून दाखवायचे. हर्णै. जयगड. मालवण. वेंगुर्ला.

वेंगुर्ल्यानंतर कार्ड आलं नाही.

दोन महिने गेले. कंपनीचं एकच पालुपद, लाँच दुरुस्तीला आहे, सगळे खुशाल आहेत. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग एका दुपारी दारात कार्ड पडलेलं दिसलं. ओलं...

त्यावर पोस्टाचा शिक्काच नव्हता.

"पनवेल," आबाजींनी वाचलं.

चार दिवसांनी दुसरं. "खोपोली."

"छबूबाई, खोपोलीला कुठला आलाय समुद्र? मला हे बरं दिसत न्हाई." आबाजींनी कार्ड तिच्या हातात परत दिलं.

मग लोणावळा. वडगाव. देहूरोड...

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, कंपनीचा माणूस आला. दारात बूट काढून आत बसला, कागद पुढे केला.

"धाकू वेंगुर्ल्याला नोकरी सोडून पळाला. भरपाई मागणार नाही, म्हणून इथे अंगठा द्या."

चोराच्या उलट्या बोंबा! आत्या भडकली.

"पलाला? मेल्या, लाँच बुडाली ना? मी कुंकू ठेवू का पुसू, येवढं सांगायला तुमची जीभ झडली होती?"

तो बोलायला गेला आणि थांबला.

बाहेर इंजिन वाजत होतं... टक्... टक्... टक्...

पत्रे थरथरले. नांगराची लोखंडी साखळी खडखडत खाली गेली. मासळीचा वास घरभर पसरला.

"हे... काय आहे?"

"तुमचीच लाँच," आत्या म्हणाली. "जा. कोन पलाला, त्यांनाच इचार."

तो अनवाणीच उंबऱ्याबाहेर गेला. आवाज बंद पडला.

आत्याने बाहेर पाहिलं. अंगण कोरडं होतं... आणि रिकामं. दारात बूट तेवढे राहिले होते.

धाकूचं कार्ड पुन्हा कधी आलं नाही. पण आठवड्याने एक आलं, वळणदार कारकुनी अक्षरातलं.

"वेंगुर्ला. मला उतरवून घ्या."

आबाजींनी वाचून दाखवलं. आत्याने कार्ड चुलीत घातलं आणि भाकरी थापायला घेतली.

आत्या एरवी फार मायाळू. दारच्या मांजरालाही उपाशी ठेवायची नाही. पण हे सांगताना त्या माणसाची कीव तिला एकदाही आली नाही. लाँचपेक्षा मला या गोष्टीचीच जास्त भीती वाटते.