निजवलेले निखारे

"हे असे निजवायचे, बघ!" बेतेरोनं करवंट्यांच्या लालबुंद निखाऱ्यांवर ओंजळभर राख पसरली, तान्ह्या लेकराला थोपटावं तसं वरून अलगद थोपटलं आणि बायकोकडे वळून तो हसत म्हणाला, "तिकडे गेल्यावर डब्यात हेच घालायचं आणि आपल्या बिताच्या पायथ्याशी ठेवायचं. दारं-खिडक्या घट्ट लावल्या की पोर सकाळपर्यंत उबेत झोपेल. जाळ नाही, धूर नाही... घाबरायचं काय त्यात?"

त्याच्या थोरल्या बहिणीच्या, तांगिराच्या हातातली दुलई तशीच खाली पडली!

उद्याच्या विमानानं धाकटा भाऊ तारावा बेट कायमचं सोडणार होता. न्यूझीलंडच्या व्हिसाच्या सोडतीत त्याचं नाव निघालं, तेव्हा सगळ्या वस्तीनं आनंदानं रडून घेतलं होतं. विहिरीचं पाणी खारट झालेलं, कंद लावायचे खड्डे कुजलेले, भरतीच्या दिवसांत समुद्र थेट चुलीपाशी येऊन बसायचा... कोण राहणार इथं? तांगिरा गेले काही दिवस त्यांचंच सामान बांधत होती आणि बांधता बांधता जमेल तेवढं भावजयीच्या कानावर घालत होती. ती स्वतः त्या देशात संसार करून आलेली. संसार करून, की संसार पुरून? वस्तीत तिच्या पाठीमागे लोक दुसरंच म्हणत, आणि तिला ते ऐकूही येई.

"ओले कपडे घरात वाळत घालू नकोस गं, रोसिया, भिंतींना बुरशी धरते आणि पोरांच्या छात्या भरतात," ती सांगत असे. "गादी जमिनीवर टाकू नकोस. डॉक्टर बोलला ते कळलं नाही तर मान हलवू नकोस, परत विचार. आपल्याला ना, लाजेपोटी हो म्हणायची खोड!"

"वन्सं, तुम्ही सांगताय म्हणजे तिथं माणसं जगतात तरी का हो?" रोसिया हसून म्हणायची. रोसिया वाईट नव्हती, पण तोंडाची फटकळ होती. आणि तिला भीती वाटत होती. ज्या बाईच्या घरातून नवरा आणि लेक एकाच दिवशी गेले, तिच्या हातची घडी घातलेली दुलई आपल्या बाळाच्या अंगावर घालावी की नाही, ही शंका तिच्या डोळ्यांत दिसे. तांगिरा ती पाही आणि दुलईची घडी अधिकच नीट घाली.

पण आज मात्र तिच्यानं राहवेना.

"बेतेरो!" ती ओरडलीच. "निखारे घरात न्यायचे नाहीत. राखेखालचे तर नाहीतच! थंडी वाजली तर विजेचा हीटर लाव, बिल आलं तर येऊ दे, पण खिडकी उघडी ठेव... तुला माझी शपथ आहे रे!"

बेतेरो ताडकन उभा राहिला. त्याचा चेहरा पार बदलला. "शपथ? तू घालतेस मला शपथ? तू?"

अंगणात बसलेले तेबाऊकाका खोकले. ते घराण्यातले सर्वांत वडील, निरोपाचा आशीर्वाद द्यायला आलेले. "उद्या जायचं आहे पोरांनो, आज भांडू नका," ते म्हणाले.

"भांडत नाही, काका. पण ही आज पुन्हा तिकडचं ते घर उकरून काढणार, माझ्या बायकोला घाबरवणार! मी निखारे राखेत निजवून गेलो होतो, काका. धूर नव्हता, जाळ नव्हता. माझ्या मागून हिनंच फुंकून जाळ केला, दार ओढून बाहेर गेली, आणि माझी मेरे... माझ्या पाठीवर झोपणारी माझी भाची..." डोळे पुसून तो बहिणीसमोर आला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. "अक्का, काकांच्या देखत मी तुझ्याकडे बुबुसी मागतो. त्या घराबद्दल आणि निखाऱ्यांबद्दल आम्ही जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

आपल्या माणसानं हात पसरून केलेलं मागणं म्हणजे बुबुसी. मग तो होडी मागो, डुक्कर मागो, पोटचं पोर मागो, नाही म्हणायचं नाही! नाही म्हणणाऱ्याला वस्ती वाळीत टाकत नाही, त्याहून वाईट करते. त्याच्याकडे पुन्हा कुणी कधीच काही मागत नाही.

तांगिरानं मान खाली घातली. ती उठली आणि नारळांच्या रांगेतून मागच्या किनाऱ्याकडे चालू लागली.

तिथं दोन थडगी होती, तिच्या तिमोनचं आणि मेरेचं. दोघांना तिनं विमानातून इथवर आणलं होतं, परक्या थंड मातीत ठेवायला तिचा जीव धजला नव्हता. आणि आता समुद्र त्यांच्याकडेही सरकत होता. संध्याकाळची भरती चढत होती. वारा पडलेला, पाणी मात्र आवाज न करता पुढे येत होतं... मेरेच्या पायाशी रचलेले पांढरे दगड एकेक करून भिजत होते.

"मी काय करू रे?" ती थडग्याला विचारू लागली. "तूच सांग, तिमोन!"

न्यूझीलंडमधल्या त्या पहाटे बाहेर पांढरं दंव पडलं होतं. तांगिरा वृद्धाश्रमात रात्रपाळीला होती. सफरचंदांच्या बागेत कामाला आलेला बेतेरो तिच्याच घरी राहायचा, मिसरूड फुटलेलं पोरच ते! बागेत निघण्याआधी बापाशेजारी झोपलेल्या भाचीला हुडहुडी भरलेली पाहून त्यानं अंगणात करवंट्या पेटवल्या, धूर जाऊ दिला, आणि आईनं शिकवलं होतं तसं निखारे राखेत निजवून डबा आत आणून ठेवला. वर दार-खिडक्या लावून, फटींत टॉवेल कोंबून तो गेला. किती मायेनं केलं होतं त्यानं सगळं! आपल्याकडे घराला भिंतीच नसतात. चार खांब, वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा. हवा संपते, हे इथल्या कुठल्या आईनं कुठल्या मुलाला शिकवावं?

ती घरी आली तेव्हा डबा अजून कोमट होता. डॉक्टरांनी तिला सावकाश समजावलं होतं. जाळ नव्हे, धूर नव्हे... राखेखालचे तेच निखारे. त्यांच्यातून विष निघतं, त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. बेतेरोला तेव्हा ती भाषा नीट कळत नव्हती. तो दारात उभा राहून वेड्यासारखा विचारत होता, "मी तर निजवले होते ना गं अक्का? निजवले होते ना?"

आणि तिनं त्याच्या त्या डोळ्यांकडे पाहून एका क्षणात ठरवलं होतं. "हो रे राजा. तू निजवले होतेस. मध्येच मी घरी आले होते, मी पुन्हा फुंकले..."

किती वर्षं ती त्या खोट्याखाली दबून राहिली! भावानं बोलणं टाकलं, सासूनं तोंड फिरवलं, बारशाला तिला कुणी बोलावेना. तिनं हूं की चूं केलं नाही. भाऊ वाचला ना! त्याचं लग्न झालं, बिता झाली, तो हसू लागला... तिला एवढंच पुरे होतं. आणि आज तेच खोटं तिच्या डोळ्यांसमोर डबा घेऊन उभं राहिलं होतं! तिनंच त्याला शिकवलं होतं की जाळ मारतो आणि राख राखते. तो बिताच्या पायथ्याशी मरण ठेवणार होता, आणि तेही तितक्याच मायेनं!

पाणी तिच्या पावलांना लागलं. ती दचकून उठली आणि धावतच परतली.

अंगणात रोसिया बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा सामानात कोंबत होती. तांगिरानं तो ओढून काढला आणि भिरकावून दिला. डबा खडीवर खणखणत गेला.

"वन्सं! अहो, वेड लागलं का तुम्हाला?"

"काका, मला क्षमा करा," तांगिरा म्हणाली. "मी बुबुसी मोडते आहे. उद्यापासून माझ्याकडे कुणी काही मागू नका, मला माणसातून उठवा... पण मी बोलणार!"

"अक्का, खबरदार..."

"मी त्या दिवशी मध्ये घरी आलेच नव्हते रे, बेतेरो! मी फुंकलंच नव्हतं. तुझी राख जशीच्या तशी होती... वरून तुझ्या बोटांचे ठसेसुद्धा."

बेतेरो हसला. खरंच हसला. मग त्यानं काकांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि ते हसू ओठांवरच मेलं. "खोटं," तो म्हणाला. "खोटं बोलतेस तू. मला जाऊ द्यायचं नाही म्हणून."

"जा की! सुखानं जा! पण निखारे झोपत नाहीत रे बाळा. राखेखाली विष सोडत राहतात, बंद घरात हवा खाऊन टाकतात. मला डॉक्टरांनी सांगितलं... मी तुला सांगितलं नाही."

"का?" बेतेरो म्हणाला. "का नाही सांगितलंस?"

"त्या दिवशी मी दोघांना पुरणार होते. तिसरा मला पुरायचा नव्हता."

बेतेरो खडीवर कोसळला. त्यानं आपले हात डोळ्यांसमोर धरले, उलटसुलट करून पाहिले, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारपाजारची माणसं वाटेवर येऊन उभी राहिली. तांगिरा त्याच्यापाशी बसली. त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझं पोर... मेरे... आणि मी तुला... इतकी वर्षं तुला, अक्का!"

"तुझ्या हातांत माया होती रे. मायाच होती," ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणत राहिली. ती स्वतः कितीतरी वर्षांनी रडत होती. रोसिया पुढे आली, बिताला तिनं वन्संच्या मांडीवर ठेवलं आणि पदराआडच्या लहान मुलीसारखी तिच्या खांद्याला टेकून बसली.

तेबाऊकाका काठी टेकत उठले. "बुबुसी मोडणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता मीच मागतो तुझ्याकडे, तांगिरा. या पोराला माफ कर."

"माफ करायला मी रागावले कधी होते, काका?"

मग बेतेरो उठला. विहिरीवरून बादली भरून आणली आणि चुलीवर ओतली. आमच्या बेटावर रात्रीची चूल कुणी पाण्यानं विझवत नाही, सकाळी काय पेटवायचं? निखारे चरचरले, राखेची वाफ सगळ्यांच्या तोंडावर आली. तो पुन्हा गेला, पुन्हा बादली आणली. सगळं काळं होईपर्यंत तो ओततच राहिला, आणि कुणीही त्याला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गेले.

आता तिकडे हिवाळा आहे. इथं भरतीनं मेरेच्या पायथ्याचे दगड नेले, आणि तांगिरा रोज संध्याकाळी नवे दगड आणून रचते. ते रचत असतानाच फोन वाजतो. बेतेरो दुसरं काही बोलण्याआधी फोन खिडकीशी धरतो, आणि तिला त्या परक्या देशाचा वारा ऐकू येतो.

"ऐकलास, अक्का? उघडी आहे."

"वन्सं, तुमच्या भावानं आम्हाला गारठवून मारायचं ठरवलंय हो!" मागून रोसिया ओरडते. "हीटर लावलाय, तीन-तीन दुलया घातल्यात, तरी बिताचं नाक लाल झालंय. कुडकुडतेय पोर!"

पाणी तांगिराच्या घोट्यांपर्यंत आलेलं असतं. ती डोळे मिटते आणि फोन कानाशी घट्ट धरते.

"कुडकुडू दे गं," ती म्हणते. "कुडकुडतेय ना? मग श्वास चालू आहे तिचा."