उकाड्यात झोपणारा पंप

साहेब वाचला.

पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या दुपारी साहेबाचं काही खरं नव्हतं.

साहेब म्हणजे मावशीचा म्हातारा, जाडजूड सोनेरी मासा. गावाला जाताना मावशी त्याला ठिणगीच्या हवाली करून गेली होती आणि आज संध्याकाळी परतणार होती. साहेब मात्र पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होता.

"हा रोज दुपारीच असं करतो! संध्याकाळी पुन्हा ठणठणीत!" ठिणगी टाकीवर वाकून म्हणाली.

"वामकुक्षी घेत असेल," मावशीचा मुलगा फ्यूज म्हणाला.

"तोंड उघडं टाकून?"

"बाबा तसेच झोपतात."

बाबा, म्हणजे ठिणगीचे काका, खरंच शेजारच्या खोलीत तसे झोपले होते. त्यांनी जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा त्याच्या कंट्रोलरसकट काढून साहेबाच्या टाकीशेजारी बसवला होता आणि कंट्रोलरची तार टाकीच्या हवेच्या पंपाला जोडली होती. उकाडा वाढला की पंख्यासारखा पंपही जोरात पळणार, असा त्यांचा शोध!

"पण पंप तर गप्प आहे!" ठिणगी म्हणाली.

तेवढ्यात तिच्या शेपूट नावाच्या धाकट्या भावाने गोळेवाल्याकडून आणून चोखत असलेला बर्फाचा खडा कंट्रोलरच्या उष्णता मोजणाऱ्या मण्यावर ठेवला.

"त्यालापण गरम होतंय!"

पंखा मंदावला. पंप मात्र बुडबुडू लागला!

"अरे, उलटं आहे हे!" फ्यूज ओरडला. "पंख्याला जो इशारा 'पळ' सांगतो, तोच पंपाच्या सर्किटला 'थांब' सांगतो! बाबांनी तपासलंच नाही!"

"मग तार काढून टाक!"

फ्यूजने तार काढली. पंप बंद! त्याला वीजही त्याच तारेतून मिळत होती. त्याने ती घाईघाईने पुन्हा लावली.

"बर्फ आण आणखी!" ठिणगी म्हणाली.

"फ्रीज बाबा सुधारताहेत. त्याचं दार गच्चीत आहे."

खडा विरघळला. बुडबुडे थांबले. साहेब एका कुशीवर कलला.

फ्यूजने खणातून तीन पायांचा ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर शोधले. "हे मधे बसवलं की इशारा उलटतो. इकडे चालू, तर तिकडे बंद."

"नक्की?"

"नाही."

त्यांनी प्लग काढला. ठिणगीने तारा धरल्या. पण तिचं सगळं लक्ष साहेबाकडे होतं, त्यामुळे फ्यूज दोनदा चुकीच्या पायाला तार लावून बसला. अखेर प्लग लागला.

काहीच नाही!

"हाऽऽऽ!" शेपटाने मण्यावर ठेवलेला आपला ओला रुमाल उचलून गरम फुंकर घातली.

पंखा घुमला. आणि बुड... बुडबुड... बुडबुडबुड! तिघांनी टाकीच्या काचेला नाकं लावली. मग साहेबाने शेपटी हलवली, सरळ झाला आणि रागाने ठिणगीकडे पाहू लागला.

"शाब्बास रे पोरांनो!" ठरल्यापेक्षा लवकर येऊन दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या मावशीने सगळं ऐकून तिघांनाही जवळ घेतलं. "माझा साहेब वाचवलात!"

"म्हणजे माझी कल्पना बरोबरच होती!" डोळे चोळत काका आले आणि त्यांनी वॉशिंग मशीनकडे प्रेमाने पाहिलं.

ठिणगीने धावत जाऊन मशीनवर कागद चिकटवला:

'मा. काका यांस, सदर यंत्र सुस्थितीत चालू असल्याने ते सुधारण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'