कप्तानाच्या जखमेवरचा पांढरा ठिपका

"पुन्हा माझ्याच कपात ब्रश बुडवलास? एक दिवस लाल चहा पिऊन मरेन, म्हणजे सुटशील."

सासूबाई पुटपुटल्या. तोंडात कवळी नव्हती, त्यामुळे निम्मे शब्द हवेतच विरले. पण वहिनीला सवय होती.

"आई, तो कान तुटलेला कप आहे. तुमचा नाही."

"कान तुटला म्हणून काय झालं? कप तो कपच."

ती कवळी वहिनीनंच बनवलेली. दातांच्या लॅबमध्ये तिचा दिवस कवळ्या बनवण्यात जायचा, हिरड्या रंगवायचं उरलेलं काम ती घरी आणायची. सासूबाईंची तर तिनं जीव ओतून केली होती. अगदी चपखल बसायची. पण वर्षभर सासूबाईंनी ती तोंडात घातली नव्हती. टोचते म्हणायच्या. वहिनीनं दोनदा घासून दिली, तरी टोचतेच. शेवटी ती खिडकीतल्या वाटीत, पाण्यात पडून राहिली.

रात्रंदिवस हसत…

हे सगळं खरं घडलेलं आहे. वहिनीनं मला स्वतः सांगितलं, आणि ती थापा मारणारी बाई नाही. भूत म्हटलं की लोकांना काळोख लागतो, कुत्र्यांचं रडणं लागतं. इथे रविवार होता. भर दुपार. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर धूत होतं.

तिचा नवरा थोरला, दीर धाकटा. दोघं भाऊ मोठे बाप्ये झाले तरी खेळायचे. वरच्या खोलीत एक मोठं टेबल, त्यावर पुठ्ठ्याचं पडकं शहर, आणि त्यात अंगठ्याएवढे धातूचे गडी. कुणी राक्षस, कुणी भालाईत, कुणी नुसतीच वेताळासारखी दिसणारी बाई. प्रत्येकाचे सहा गडी. पट्टीनं अंतर मोजायचं, गडी पुढे सरकवायचा, फासे टाकायचे, समोरच्याला मारायचं. ज्याचे गडी आधी संपले तो हरला. सासूबाई त्याला बाहुल्यांचा खेळ म्हणायच्या.

रंगवायचे स्वतःच. डोळे मात्र वहिनी काढून द्यायची. तिचा हात हलत नसे.

आणि त्यांचा एक नियम होता.

मेलेला गडी कायमचा मरत नसे. पुढच्या डावात परत यायचा, पण अंगावर जखम घेऊन. आणि ती जखम मारणाऱ्यानंच रंगवायची. ज्यानं मारलं, त्याच्याच हातानं.

त्यामुळे कुठल्याही गड्याकडे बघून वहिनी सांगायची, याला कुणी मारलं. शेजारचा प्लंबर कधीमधी खेळायला यायचा, त्याची जखम म्हणजे नळाला सिमेंट थापल्यासारखी. थोरल्याची बारीक, हलकी. त्याला बिचाऱ्याला मारतानाही वाईट वाटायचं. धाकटा डावखुरा. त्याचा फटकारा उलटा यायचा. आणि रक्त ओलं दिसावं म्हणून तो शेवटी एक पांढरा ठिपका द्यायचा. टाचणीच्या टोकाएवढा.

तसा ठिपका दुसरं कुणी देत नसे.

वर्षापूर्वी अशाच एका दुपारी दोघे भाऊ वर खेळत होते. वहिनी लॅबमध्ये. सासूबाई खालच्या मजल्यावर खुर्चीत, टेबल वर जिथे होतं बरोबर त्याच्या खालच्या जागी. थोरल्याच्या मुख्य गड्यानं, कप्तानानं, धाकट्याचे सगळे गडी कापून काढले होते. धाकट्याला हरणं कधी जमलंच नाही. लहानपणी सोंगट्या गिळायचा म्हणे.

त्यानंतर थोरला वरचा खोका काढायला स्टुलावर चढला. पाय घसरला. टेबलाचा कोपरा डोक्यात बसला.

असं धाकट्यानं सांगितलं.

"पाय घसरला," प्लंबर म्हणाला. आवाज ऐकून तोच आधी धावत आला होता.

"पाय घसरला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी त्यांनी कवळी काढून वाटीत टाकली.

वहिनीनं नवऱ्याला पाहिलं होतं. जखम डाव्या कानामागे होती. गोल खळगा, नाण्याएवढा. तिचं आयुष्य ठशांमध्ये गेलं होतं. कुठल्या वस्तूचा ठसा कसा उमटतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. टेबलाचा कोपरा काही गोल नसतो.

पण ती काही बोलली नाही.

सासूबाईंना आता एकच मुलगा उरला होता.

तर त्या रविवारी धाकटा आला, प्लंबरला घेऊन. "वहिनी, दादाचे गडी मी घेऊन जातो. खोलीही रिकामी करू. पण आधी त्याच्या नावानं एक डाव होऊ दे. त्याच्या बाजूनं तू खेळ."

वहिनीनं खोका उघडला. वर्षभर तो कुणी उघडला नव्हता. झाकणावर धूळ तशीच होती.

आत कप्तान पालथा पडला होता.

टक्कल असलेला, कुऱ्हाडवाला कप्तान. त्याच्या डाव्या कानामागे… लाल.

तिनं बोट लावलं.

ओलं होतं.

गोल जखम. उलटा फटकारा. आणि टोकाला पांढरा ठिपका.

कप्तान तर शेवटच्या डावात मेलाच नव्हता! मग ही जखम कुणी कुणाला मारल्याची?

"काय झालं?" धाकट्यानं विचारलं.

"काही नाही, भावजी. धूळ." तिनं पदरानं बोट पुसलं आणि कप्तानाला टेबलावर उभं केलं. हात हलला. आयुष्यात पहिल्यांदा.

डाव सुरू झाला.

तिनं फासे टाकले. सहा, सहा. धाकट्याचा भालाईत मेला.

"नशीब आहे वहिनीचं," प्लंबर हसला.

धाकट्यानं भालाईताला आडवं करायला हात पुढे केला…

कट्.

भालाईताचं मुंडकं तुटून टेबलावर गडगडलं. कुणी हातही लावला नव्हता.

"जुना धातू," धाकटा म्हणाला. "सांधा गेला असेल."

पुन्हा फासे. सहा, सहा. राक्षस मेला.

कट्.

आता कुणी हसलं नाही. खाली गल्लीत पाण्याचा आवाज थांबला. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना.

वहिनीनं फासे खाली ठेवले. "मला नाही खेळायचं."

फासे आपोआप उलटले.

सहा. सहा.

कट्. कट्. कट्. मुंडक्यामागून मुंडकं. टेबलभर धाकट्याचे गडी, बिनडोक्याचे. आणि प्रत्येक मोडलेल्या मानेतून लाल काहीतरी पाझरत होतं, पुठ्ठ्याच्या रस्त्यांवरून हळूहळू टेबलाच्या कडेकडे…

कडेवरून एक थेंब जमिनीवर पडला. टप्.

"रंग आहे!" प्लंबर ओरडला. "आत रंग भरला असेल कुणीतरी! वहिनी, सांगा ना, रंग आहे ना?"

"भरीव असतात ते," वहिनी म्हणाली.

कोपऱ्यातलं स्टूल सरकलं. वीतभर. मग आणखी वीतभर. धाकट्याच्या दिशेनं.

धाकट्याचा शेवटचा गडी उभा होता, आणि त्याच्यासमोर कप्तान. वहिनीनं त्याला टेबलाच्या या टोकाला ठेवलं होतं. तो तिकडे कधी पोहोचला, कुणीच पाहिलं नाही.

"बस झालं तुझं!" धाकटा किंचाळला. वहिनीला नाही. कप्तानाला. "मेलास तरी जिंकायचंच का रे तुला? मेलास तरी?"

फळीवर हातोडा होता, पुठ्ठ्याच्या शहराला खिळे ठोकायचा. गोल तोंडाचा. प्लंबरनं आधी त्या हातोड्याकडे बघितलं, मग खाली जमिनीकडे.

धाकट्यानं तो डाव्या हातात घेतला.

आणि सगळ्या ताकदीनिशी कप्तानाच्या डोक्यात घातला.

थड्!

कप्तान तसाच उभा राहिला. त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही.

धाकटा मात्र गुडघ्यावर बसला. हातोडा गळून पडला. त्यानं डाव्या कानामागे हात नेला, तो लाल होऊन परत आला. मानेवरून, कॉलरवरून, पाठीवरून रक्ताचा पाट वाहू लागला. त्यानं वहिनीकडे बघितलं, लहान मुलासारखं. मग तोंडावर आपटला. दात फुटल्याचा आवाज वहिनीला नीट ओळखू आला.

पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "मागे कोण उभं होतं?" घाव मागूनच बसला होता म्हणे, जोरात, जड वस्तूनं. मागे भिंत होती. भिंतीला टेकूनच तो खेळत होता. धाकटा जगला, पण बोलत नाही. आणि तो कप्तान आजही वहिनीच्या कपाटात आहे. पाहशील का, तिनं मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्याच्या कानामागची जखम आता नाहीशी झालीय, एवढं तिनं सांगितलं, तेच मला पुरे झालं.

पण ते सगळं नंतरचं. आधी जिना वाजला.

एक पाऊल… थांबून दुसरं…

वर्षभरात सासूबाई तो जिना चढल्या नव्हत्या.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कठडा घट्ट धरून. धाप लागलेली. त्यांनी खाली पडलेल्या मुलाकडे पाहिलं, बाजूच्या हातोड्याकडे पाहिलं.

वहिनीनं पदराचा बोळा करून धाकट्याच्या जखमेवर दाबून धरला होता.

"मावशी," प्लंबर म्हणाला, "पाय… त्याचा पाय घसरला."

सासूबाईंनी मान हलवली. नाही.

आणि वहिनीला दिसलं, त्यांचे गाल भरलेले होते. ओठ नीट मिटलेले होते. कवळी तोंडात होती. कुठेही टोचत नव्हती.

"हाच आवाज," सासूबाई म्हणाल्या. एकेक अक्षर स्वच्छ. "त्या दिवशी आधी हाच आवाज आला, आणि मग माझा थोरला पडला. पाय नव्हता घसरला त्याचा. यानं मारलं त्याला."