फुटक्या स्क्रीनवरचं पत्र

ही ऐकीव गोष्ट नाही. मी त्या खोलीत होते, माउस माझ्या हातात होता. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मंगळवार होता. दुपारचे तीन.

भुतंखेतं रात्रीच निघतात म्हणणाऱ्यांनी एकदा दादाच्या घरी भरदुपारी येऊन बसावं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. इमारतींचे नकाशे काढायचा. त्या मंगळवारच्या आठ महिने आधी सकाळी कामाला म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. बसस्टॉपच्या बाकावर त्याचा लॅपटॉप सापडला. स्क्रीन फुटलेली.

दादा नाही.

पोलिसांनी लॅपटॉप परत दिला आणि वहिनीने माझा पिच्छाच पुरवला.

"वन्सं, बघा ना उघडून. कुठे गेलेत ते लिहून ठेवलं असेलच."

मी टायपिंगचा क्लास चालवते. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, बिघडवत बिघडवत शिकले. त्यामुळे नातेवाइकांत मी इंजिनिअर! क्लासमधला एक मॉनिटर पोटाशी धरून मी त्यांचे दोन जिने चढले.

वहिनीने दार उघडलं. "माझ्या लग्नात एवढं मोठं प्रेझेंट नव्हतं आणलंत."

आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली बिचारी.

लॅपटॉप टेबलावर ठेवला, त्याच्या उजवीकडे मॉनिटर. केबल लावली. पासवर्ड नव्हताच. दादाकडे लपवण्यासारखं काही नाही, असंच आम्ही समजत होतो.

मॉनिटर उजळला... आणि रिकामा! नुसता निळा रंग. एक फाइल नाही.

"सगळं पुसलं का हो त्यांनी?" वहिनीचा आवाज चिरकला.

"नाही गं. दादाने दोन स्क्रीन शेजारच्या दोन खोल्यांसारख्या जोडल्यात. सामान सगळं त्या फुटक्या खोलीत आहे. ही खोली रिकामी."

मी माउसवरून हात काढून चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात माउसचा बाण दिसला...

डाव्या कडेने आला. फुटक्या स्क्रीनकडून. हळूच डोकावला, थांबला.

त्याच्यामागून एक पांढरी पट्टी आली. बोटभर रुंद. कुणीतरी विंडो ओढत आणत होतं.

"पत्र आहे," वहिनी कुजबुजली. "वन्सं, ओढा इकडे!"

मी माउस धरला, पट्टी पकडली, ओढली. चार बोटं आली.

मग माझ्या मुठीतला माउस आपणहून डावीकडे सरकला...

टेबलावरून घासत. मला खेचत.

"सोडा वन्सं. त्यांना दाखवायचं नसेल अजून." वहिनी पुढे झुकली. "अहो, घरी येणार ना?"

पट्टी आत गेली. बाणही गेला.

वहिनी तोंड धुवायला उठली. नळाचा आवाज आला तशी मी दोन कळा दाबल्या. त्या दाबल्या की जे एका स्क्रीनवर आहे तेच दुसरीवर दिसतं.

मॉनिटर काळा झाला... आणि पांढरा.

कोरं पान. एक अक्षर नाही. पण उभी रेघ पळत होती, ओळीमागून ओळ, स्पेसची कळ दाबून धरल्यासारखी. खाली पानांचा आकडा.

चार हजार एकशे बारा.

तेरा...

चौदा...

लॅपटॉपच्या कळांना कुणाचाही हात लागलेला नव्हता.

नळ बंद झाला. मी घाईने सगळं पूर्ववत केलं.

"काय म्हणतात?" वहिनी दारात उभी होती. पदराने तोंड टिपत, आशेने बघत.

कोरं आहे, असं तिच्या तोंडावर कसं सांगू?

"अजून लिहून व्हायचंय," मी म्हणाले.

तिथेच चुकले.

तेव्हापासून ती त्या टेबलापासून हलेना. तिच्या सासरी असलेल्या लेकीने तिला न्यायला गाडी पाठवली, ती रिकामी परत गेली. शेवटी मी जाऊन मॉनिटर आणि केबल उचलून आणली. वाटलं, आता तरी उठेल.

संध्याकाळी घाबरत फोन केला. "रागावलीस?"

"छे! बरं झालं नेलात. मध्येमध्ये येत होता."

तिच्या आवाजामागे काहीतरी वाजत होतं...

टक... टक... टक...

"वहिनी, टाइप कोण करतंय?"

"हळू बोला ना. शेवटचं पान आहे म्हणतात."

याला पाच महिने झाले. मी रोज फोन करते. रोज शेवटचंच पान असतं. वहिनी खाते की नाही, झोपते की नाही, देव जाणे. आवाज तेवढा बारीक होत चाललाय. लेक म्हणते, आत्या, तिला तूच समजाव. मी जाते, बेल वाजवते. आतून ती म्हणते, "आत्ता नको, त्यांची तंद्री मोडेल."

काल फोनवर ती जरा थांबली. मागची टकटकही थांबली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमच्यासाठी काही लिहू का, विचारतायत."

तिकडे जे काही बसलंय ते दादा नाही, हे मला कळतं. आमच्या दादाने बायकोला असं कोंडून घातलं नसतं.

तरी मी नको म्हणाले नाही.